ठिपकेकाका

ही माणसं तुमच्या ओळखीची आहेत. ट्रेकला जायचं म्हणून वर्षानुवर्षं बूट निवडणारा. लेन्सला बुरशी लागेल म्हणून पावसाळ्यात कॅमेराच बाहेर न काढणारा. तंबोऱ्याची जवारी मनासारखी लागत नाही तोवर तोंडातून 'सा' न काढणारा. यांच्याकडे हत्यार असतं, हत्याराची पेटी असते, पेटीला कव्हर असतं आणि कव्हरला शिवलेला खिसाही असतो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ही जात हवाईयन गिटारच्या रूपाने नांदते. पोरांनी त्यांचं नाव ठेवलंय ठिपकेकाका. काकांना हे माहीत आहे. त्यांना त्यातलं 'काका' खटकतं, ठिपके नाही.

हवाईयन गिटार आडवी वाजवतात. मांडीवर किंवा स्टँडवर ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत पिक घालायचे, डाव्या हातात स्टीलचा गुळगुळीत बार धरायचा आणि तो तारांवरून घसरवत न्यायचा. तारा फ्रेटबोर्डपासून चांगल्या सेंटिमीटरभर उंच असतात आणि त्या दाबायच्याच नसतात. उभ्या गिटारमध्ये तार फ्रेटवर टेकली की सूर ठरला. इथे फ्रेटला ना तार लागते ना बोट. विजेच्या गिटारवर तर त्या नुसत्या रंगवलेल्या रेघा असतात, रस्त्यावरच्या झेब्रा क्रॉसिंगसारख्या: आखलेल्या असतात खऱ्या, थांबायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या संस्कारावर. आणि या रेघांमध्ये वाट चुकू नये म्हणून तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या घरात ठिपके.

काका ठाणे-बेलापूर पट्टीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रॉटरिंगच्या पेनाने रेघा मारण्यात हयात गेली. निवृत्तीनंतर गिटार वाजवायला भरपूर वेळ मिळेल असं सगळ्यांना वाटलं. काकूंना तशी भीतीही वाटली. पण वेळ गेला फ्रेटबोर्डकडे. कंपनीने लावलेली पट्टी उखडून त्यांनी पांढऱ्या सनमायकाची लावली, मग काळी, मग पुन्हा पांढरी. ठिपक्यांसाठी आधी मोत्याची बटणं, मग नंबरप्लेटवाल्याकडून कापून आणलेलं रेडियम, आणि शेवटी काकूंच्या टिकल्या. मरून रंगाची, मधल्या आकाराची टिकली त्यांना पसंत पडली. तेव्हापासून काकू टिकल्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यात ठेवतात.

इथवर ठीक होतं. खरा उपद्रव आहे तो 'डोकं वर आणा'चा.

त्याचं असं आहे की तार वर, रेघ खाली आणि वाजवणाऱ्याचा डोळा तिसरीकडेच. वादक बसतो गिटारच्या मध्यावर. तिथून तो डावीकडच्या पहिल्या-दुसऱ्या रेघेकडे तिरका बघतो. बार त्याला अगदी रेघेवर दिसतो, प्रत्यक्षात तो थोडा उजवीकडे असतो आणि सूर चढा लागतो. उपाय एकच: डोकं त्या रेघेच्या बरोबर वर न्यायचं. शाळेत मोजनळीतलं पाणी वाचताना बाई सांगायच्या तेच हे. आपण परीक्षा झाल्यावर ते विसरलो. काकांनी त्याचा धर्म केला.

भाजीवालीच्या तराजूपुढे ते गुडघ्यात वाकतात. पेट्रोलपंपावर काटे होते त्या काळात तिथल्या पोराशी त्यांचं वाजलेलं आहे. डॉक्टर रक्तदाब बघायला लागले की काका दंडाला पट्टा बांधलेल्या अवस्थेत सांगतात, "डॉक्टर, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणा, तुम्ही वरून बघताय." त्यानंतर जो रक्तदाब निघतो तो काकांचा की डॉक्टरांचा, हे नक्की सांगता येत नाही.

कळस झाला सोसायटीतल्या एका लग्नात. मुहूर्त १२ वाजून ३ मिनिटांचा. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं संपत आलेली, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. गुरुजींनी कार्यालयाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली आणि श्वास घेतला. एवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "गुरुजी, थांबा! तुम्ही डावीकडून बघताय." वाजंत्रीवाले थबकले. काका पुढे येऊन समजावू लागले की काटा तबकडीच्या पुढे असतो, बाराच्या आसपास डावीकडून पाहिलं तर तो उजवीकडे सरकलेला दिसतो, म्हणजे गुरुजींना ३ मिनिटं दिसतायत तेव्हा खरी २ झालेली असणार. "जरा इकडे या, डोकं घड्याळासमोर आणा." गुरुजी अनुभवी. ते म्हणाले, "काका, वधूवर सरळ उभे आहेत तेवढं पुरे," आणि सावधान म्हणून मोकळे झाले. काकांनी अक्षता टाकल्या त्या मात्र मिनिटभराने, एकट्याने. त्या लग्नाला पुढे दोन गोड मुलं झाली, तरी काका जोडप्याला भेटले की "मिनिटभर आधीच लागलं हो तुमचं" असं हळहळतात.

गिटारवाले एकमेकांना भेटले की राग, बंदिशी, धून यांवर बोलत असतील असा माझा समज होता. ते ठिपक्यांवर बोलतात, आणि त्यात काकांचं दुखणं शुद्ध गंधाराचं आहे. मोकळी तार सा धरली तर तिसऱ्या घरात कोमल गंधार, पाचव्यात मध्यम, सातव्यात पंचम, नवव्यात शुद्ध धैवत. चौथ्या घराला ठिपकाच नाही! "साहेबांनी भूप ऐकला असता तर असं केलं नसतं," हे वाक्य काका पाहुण्याला चहाच्या आधी ऐकवतात. म्हणून त्यांनी चौथ्या घराला टिकली लावली. तीही रेघेवर नाही. पाश्चात्त्य हिशेबाने सप्तकाचे बारा समान तुकडे केले की गंधार जिथे येतो, त्याच्यापेक्षा तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार १४ सेंट खाली असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. २४ इंची तारेवर हे अंतर जवळजवळ ४ मिलिमीटर भरतं. तेव्हा काकांची टिकली रेघेच्या ४ मिलिमीटर डावीकडे. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारपणी हात थरथरला असेल. तसं कुणी बोललं की ते रात्री दहाला वर्नियर कॅलिपर घेऊन त्याच्या दारात उभे राहतात.

त्यांचे कट्टर वैरी कल्याणला राहायचे. तेही हवाईयन गिटारवालेच. तरुणपणी दोघांनी व्हॅन शिपली, हजारा सिंग आणि सुनील गांगुली यांच्या तबकड्या ऐकून ऐकून झिजवलेल्या. कल्याणकरांचा ठिपका नवव्याऐवजी दहाव्या घरात. त्यांचा पहिला मुद्दा असा की युकुलेले खुद्द हवाईची, तिला दहावरच ठिपका असतो; हवाईचं वाद्य हवाईच्या पद्धतीने वाजवा. दुसरा मुद्दा बिनतोड होता. नऊचा ठिपका दहावर नेला की ठिपके पडतात सा, कोमल ग, म, प, कोमल नी, वरचा सा यांवर. नुसत्या ठिपक्यांवरून बार फिरवला की भीमपलासचा आरोह तयार. नऊवर ठेवला तर कुठला राग होतो, ते सांगा. काकांना उत्तर सुचलं नाही. त्यांनी कल्याणकरांची रेघ मोजली आणि ती १ मिलिमीटर जाड निघाल्याचं जाहीर केलं. बाराव्या रेघेपाशी १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ६ सेंट, तेव्हा "तुमचा वरचा सा रेघेच्या या काठाला की त्या काठाला?" पुढे दोघं महिनोन्महिने फोनवर भांडायचे, तेही कॉल महाग होते त्या दिवसांत.

एकदा दोघांच्या वादात एक गायक पडले. "विचित्रवीणेवरही काचेचा बट्टा असाच घसरवतात. तिला ना पडदे, ना ठिपके. वाजवणारा कानाने वाजवतो." काका आणि कल्याणकर त्या एका क्षणी एक झाले. काका म्हणाले, "म्हणूनच ती वाजवणारे किती उरलेत बघा."

तसा काकांचा इतिहासही पक्का आहे. जोसेफ केकुकू नावाच्या हवाईच्या पोराने १८८९च्या सुमारास तारांवर लोखंड घसरवून हे वादन सुरू केलं असं मानतात. पण त्याच्याही आधी गेब्रियल डेव्हियन नावाचा, भारतात जन्मलेला एक मुलगा होनोलुलूत तारेवर असंच काही घसरवायचा, अशी एक गोष्ट सांगतात. ती काकांची आवडती. ब्रिजभूषण काब्रा १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त गिटारवर राग वाजवून गेले, विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं, हे त्यांना मान्य आहे. मात्र फोटो आला की त्यांची नजर आधी पट्टीवर जाते. अमेरिकेतल्या शो-बड कंपनीच्या पेडल स्टीलवर ठिपक्यांच्या जागी पत्त्यांचे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असतात हे कळलं तेव्हा ते दोन दिवस हरखलेले होते. काकू म्हणाल्या, "आता माझ्या टिकल्या सोडा आणि पत्त्यांचा कॅट फाडा."

एवढं असून ते वाजवतात कसं? बरीच वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण गाणं शेवटाला जायचंच नाही. एका गणेशोत्सवात मंडळाने त्यांना बसवलं. जुन्या हिंदी गाण्याची धून रंगात आली होती, तोच लाइटवाल्याने माहोल करायचा म्हणून स्टेजवर लाल झोत टाकला. पांढरी पट्टी लाल झाली, मरून टिकल्या तिच्यात बुडाल्या. काकांनी अंतरा अर्ध्यावर सोडून माइकवरून लाइटवाल्याला प्रकाशशास्त्र शिकवलं. पुढचा कार्यक्रम फुगडीचा होता. बायका विंगेत पदर खोचून उभ्या, आणि काका हिरव्या झोताचा प्रयोग करून बघताहेत.

असा माणूस शेजारी असला की मनात काय काय येतं ते इथे छापता येणार नाही.

तरी नाइलाजाने हेही लिहायला हवं. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत जे काही मोजके हवाईयन गिटारवाले उरलेत, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पट्ट्या काकांच्या हातच्या आहेत. ऑर्केस्ट्रांत कीबोर्ड आला, त्यात हवाईयन गिटारचं बटण आलं, आणि ही माणसं घरी बसली. सुटे भाग मिळेनासे झाले. काका अजून रेघा मारून देतात, पैसे घेत नाहीत. आधी माणसाला खुर्चीत बसवून त्याच्या डोळ्यांची उंची मोजतात. बायफोकल चष्मा असेल तर रेघ पट्टीच्या अलीकडच्या काठावर जाड करून देतात, म्हणजे मान मोडत नाही. एका बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. त्यांना त्यांनी काळ्या पट्टीवर पिवळ्या रेघा आखून दिल्या आणि प्रत्येक ठिपका वेगळ्या रंगाचा दिला.

कल्याणकर गेले. त्यांच्या मुलाने गिटार काकांकडे आणून दिली, "आमच्याकडे कुणी वाजवत नाही" म्हणून. मला वाटलं, आता त्या गिटारची खैर नाही. तिच्या तारा बदलल्या, पिकअपची वायर डाख देऊन सांधली, खुंट्यांना तेल दिलं. पट्टीला हात लावला नाही. १ मिलिमीटरच्या जाड रेघा तशाच आहेत, ठिपका दहावरच आहे, कल्याणकरांनी कधीकाळी नेलपॉलिशने लावलेला, थोडा ओघळलेला. मी विचारलं तर म्हणाले, "चुकीचा आहे. पण त्याचा आहे." आणि लगेच चष्मा पुसायला घेऊन विषय बदलला, तो माझ्या घड्याळाकडे मी कसा तिरका बघतो यावर.

दुपारी तीनच्या सुमारास आता भिंतीपलीकडून त्या गिटारवर भीमपलास ऐकू येतो. आलाप, गत, सगळं पूर्ण. मधे कुणी कुणाला डोकं वर आणायला सांगत नाही. चांगला वाजवतात हो, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

तर वाचकहो, १९६०-७०च्या काळात मराठी घरांतून बऱ्याच हवाईयन गिटार आल्या होत्या. कुणा मामाने हौसेने घेतली, कुणाच्या आत्याने लग्न ठरेपर्यंत वाजवली. तुमच्या माळ्यावर तशी एखादी पडलेली असेल तर भंगारात घालू नका. काकांकडे आणून द्या. वाजवणारा सापडेपर्यंत ते सांभाळतात. आणण्याआधी पुसलीत तरी चालेल, फक्त पट्टीवर कुणी काही चिकटवलेलं, रंगवलेलं किंवा पेन्सिलीने खुणावलेलं असेल तर ते खरवडू नका. फोनवर काका पहिला प्रश्न विचारतील तो गिटारच्या कंपनीचा नसेल. नववा की दहावा, एवढं आधी बघून ठेवा.