रेट वाढला, आता निघा

2011च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 12 लाख 334 भरली. दहा वर्षांतली वाढ 5.65 टक्के. त्याच दहा वर्षांत अख्खा महाराष्ट्र 15.99 टक्क्यांनी वाढला. कुटुंबनियोजनवाल्यांनी लगेच पाठ थोपटून घेऊ नये, पाळणे आमच्याकडेही हलतच होते. पाळण्यातलं पोर मोठं झालं की एसटीने पारडी नाक्यावर उतरतं आणि पुढच्या मोजणीत नागपूरच्या खात्यात पडतं, एवढंच.

जायला कारणं भरपूर होती. बांधीत धानाशिवाय फारसं काही पिकत नाही आणि धानाचा चुकारा हातात पडेपर्यंत उधारीवाला ओसरीवरून हलत नाही. घरोघरी स्टील आलं आणि भंडाऱ्याच्या पितळेची ठोकठोक मंदावली. मोहाडी-पवनीकडच्या कोष्ट्यांचे माग पॉवरलूमपुढे बसले. 1988मध्ये पायाभरणी झालेल्या गोसेखुर्दच्या बुडितात घरं गेली, बांध्या गेल्या. नागपूर साठेक किलोमीटरवर. दिवाळीनंतरच्या मंडईला गावी यायचं, रात्रभर नाटक बघायचं, लाखोरीची डाळ बांधून घ्यायची आणि परत कामाला. झालं स्थलांतर. याला परदेशात डायस्पोरा म्हणतात. आमच्याकडे म्हणतात, ‘पोरगा नागपूरले आहे.’

आता पोरगा नागपुरात नेमका कुठे राहिला? धरमपेठेत नाही, रामदासपेठेत नाही. नागपूरचे दोन भाग रेल्वेने पाडले. पश्चिमेला झाडं, बंगले आणि निवृत्त अधिकारी. पूर्वेला बाजार, गोदामं आणि आम्ही. भांडेवाडीत शहराचा कचरा येतो. शहराचं सांडपाणीही शुद्ध व्हायला तिथेच येतं. शेजारी कळमन्याचा बाजार, तिथे हमाली. जिथे नागपूर आपला उकिरडा टाकत होतं तिथे जमीन स्वस्त होती, आणि आम्हाला परवडेल अशी तेवढीच होती. शेतकऱ्यांनी शेताचे तुकडे पाडले, चुन्याच्या रेषा मारल्या, स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या. ना रस्ता, ना नाली, ना नळ. अशा वस्त्यांना नागपुरात नावं नाहीत, आकडे आहेत: 572चे ले-आउट आणि 1900चे ले-आउट. कुणी पत्ता विचारला तर माणूस आधी आपण कोणत्या आकड्यात येतो ते सांगतो, मग घरनंबर.

2001मध्ये गुंठेवारी कायदा आला आणि या ले-आउटांना नियमित होण्याची वाट मिळाली. मग नागपूर सुधार प्रन्यासची डिमांड भरा, आर.एल. मिळवा. आर.एल. म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र. पूर्व नागपुरात पोरीसाठी स्थळ बघताना मुलाच्या पगाराआधी हे पत्र आहे का ते विचारतात, आणि ते बरोबरच आहे. पगार जातो-येतो.

अशा एखाद्या घरातली कागदांची पिशवी जवळून बघावी. साडीच्या दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी, टिनाच्या पेटीत, कपड्यांच्या खाली. आत शेतमालकाने करून दिलेला करारनामा, त्यावर दोन सह्या आणि एक निळा अंगठा. डिमांड भरल्याच्या पावत्या, घडीवर फाटू नये म्हणून मागून सेलोटेप लावलेल्या. घरटॅक्सच्या पावत्या वर्षवार, रबर लावून. विजेचं पहिलं बिल, भरून झालेलं, तरी जपलेलं. आणि आर.एल., लॅमिनेट केलेलं. मावशी ही पिशवी काढण्याआधी हात धुऊन पदराला पुसते. मुरूम आम्हीच टाकला, ती सांगते. नाली आम्हीच खोदली, टँकरमागे बारा वर्षं धावलो. ‘आता कुठी जरा बसाले भेटलं, बापा.’

नेमकी हीच वेळ विकासाची. माणूस बसला की विकास उठवायला येतो.

सप्टेंबर 2016मध्ये नागपूर ‘स्मार्ट सिटी’च्या यादीत आलं आणि क्षेत्राधारित विकासासाठी पारडी, पुनापूर, भरतवाडा आणि भांडेवाडी हा भाग निवडला गेला, सुमारे 1730 एकर. इतकी वर्षं ज्या भागाकडे वारा फिरला की नागपूर नाक दाबत होतं, तो भाग एका रात्रीत ‘मोक्याचा’ झाला. इथे नगररचना योजना आली. तिचा ढोबळ हिशेब असा की जमीनवाल्याने सुमारे 40 टक्के जमीन रस्ते-बागांसाठी सोडायची आणि उरलेल्या 60 टक्क्यांचा विकसित भूखंड घ्यायचा. हिशेब चोख आहे, फक्त तो मोकळ्या शेतासाठी आहे. पाच एकरवाल्याचे दोन एकर गेले तरी उरलेल्या तीनवर त्याची सात पिढ्यांची सोय होते. हजार फुटांच्या प्लॉटमधून चारशे फूट वजा केले तर न्हाणी जाते, जिना जातो आणि किरायाने दिलेली मागची खोली जाते. टक्केवारीला गरीब-श्रीमंत कळत नाही, म्हणूनच ती सरकारला इतकी आवडते.

नकाशावर रस्ते आखले तर ते घरांवरून गेले. लोक मोर्चे घेऊन निघाले, नकाशे मागू लागले. त्यांना कळलं की स्मार्ट शहरात रस्ता घराजवळून जात नाही, घरातून जातो. घर जाणाऱ्यांसाठी नवी घरं बांधायची योजनाही निघाली. मार्च 2025मध्ये स्मार्ट सिटी मिशनची मुदत संपली. भांडेवाडीचा कचरा अजून भांडेवाडीतच आहे. त्याला कुणी पुनर्वसनाची नोटीस दिल्याचं ऐकिवात नाही.

तुलनेसाठी याच दिशेचा दुसरा रस्ता बघा. जुना भंडारा रोड, मेयो रुग्णालय ते सुनील हॉटेल. तो रुंद करायचं दोन दशकांहून जास्त काळ गाजतं आहे. तिथे दुकानं पिढीजात, वकील ओळखीचे, मोबदल्याची भाषा तोंडपाठ. म्हणून तो रस्ता वर्षानुवर्षं फायलीतच रुंद होत राहिला. पिशवीवाल्यांच्या वस्तीत मात्र मोजणीची साखळी पहाटे पोचते. लोकशाहीत सगळे समान असतात. फक्त काहींना सुनावणी असते आणि काहींना मोजणी.

पण तक्रार करायची सोय राहिली नाही, कारण रेट आला. पूर्व नागपुरात सध्या ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत, ‘काय रेट सुरू आहे’ विचारतात. 11 डिसेंबर 2022ला मेट्रो प्रजापतीनगरपर्यंत आली. दुसऱ्या टप्प्यात ती पारडी, कापसी करत ट्रान्सपोर्टनगरला जाणार. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना 500 मीटरपर्यंत 4 एफएसआयची सोय आहे. म्हणजे जिथे मावशीने एक मजला चढवायला भिशी लावली आणि दहा वर्षं घातली, तिथे बिल्डर चौपट चढवणार. पानठेल्यावरचा दलाल दिवसातून तीनदा सांगतो, ‘काकू, तुमचं सोनं झालं.’

सोनं झालं खरं, पण ते अंगावर घालता येत नाही. रेटची गंमत अशी की तो जाणाऱ्याच्याच हातात पडतो. राहणाऱ्याला त्यातून फक्त वाढीव घरटॅक्स मिळतो, महाग किराणा मिळतो आणि समोरच्या नव्या इमारतीतून सूचना मिळतात. या इमारतीतले लोक गेल्या वर्षी राहायला आले. त्यांना कळमन्याच्या बंड्यांचा आवाज होतो, अंगणात वाळत घातलेल्या मिरचीने ठसका लागतो आणि बारशाच्या मांडवाने गाडी अडते. वस्तीच्या ग्रुपवर त्यांचा प्रश्न असतो, ‘ही बाहेरची माणसं इथे कधी आली?’ आली हो. तुमच्या नालीचा उतार काढायला तुमच्या आधी तीस वर्षं आली.

मालकाला निदान पिशवी आहे. किरायेदाराला तीही नाही. मागच्या खोलीत कोण राहतं? सकाळी सात वाजता ठिय्यावर उभा राहणारा मिस्त्री, कळमन्याचा हमाल, चार घरची धुणीभांडी धरणारी बाई, तुमसरहून नर्सिंग शिकायला आलेली पोरगी. मालकाने घर विकलं तर त्याला पैसे मिळतात, यांना महिना संपेपर्यंतची मुदत मिळते. कोणत्याही योजनेच्या तक्त्यात यांचा रकाना नसतो. मोजणीवाला विचारतो, ‘मालक कोण?’ उत्तर मिळालं की तो पुढच्या घराकडे वळतो. खोलीत स्टोव्हवर भात शिजतोय हे त्याच्या नकाशात येत नाही.

कायदा मात्र आहे, आणि चांगला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55: भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, केली नाही तर शिक्षा मालकाला. आणि करारच नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं. ते खोटं असेल तर मालकाने सिद्ध करायचं. वाचून डोळे भरून येतात. किरायेदाराला हे कलम माहीत नाही, मालकालाही माहीत नाही. दलालाला पाठ आहे, म्हणून तो खोली रिकामी झाल्यावरच सौदा करतो.

झोपडपट्टीत असाल तर सरकार आधी तारीख विचारतं. 1 जानेवारी 2000च्या आधीचे असाल तर संरक्षण. 1 जानेवारी 2011पर्यंतचे असाल तर पैसे भरून पुनर्वसन. त्यानंतर आला असाल तर चूक तुमचीच. नापिकीने कॅलेंडर बघून यायला हवं होतं.

हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. आमचे कोष्टी आधीच्या पिढ्यांत 1877मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या ओढीने गेले, गोळीबार चौकाच्या अंगाला वसले. मिल बंद पडली आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. मुंबईच्या गिरणगावात कोकण्यांचं जे झालं तेच. फरक इतकाच की गिरणगावावर नाटकं झाली, सिनेमे निघाले. पारडीवर अजून झाडीपट्टीचं एक नाटकही आलं नाही, आणि आलं असतं तर नव्या इमारतीने दहा वाजता लाउडस्पीकर बंद करायला लावला असता.

मग घर विकून लोक जातात कुठे? पश्चिमेला जायची ऐपत नाही. ते कापसीला जातात, कापसीचा रेट वाढला की महालगावला, तिथून मौद्याला. नकाशा काढा. सगळी गावं भंडाऱ्याच्या रस्त्यावर आहेत. ज्या रस्त्याने आजा बोचकं घेऊन नागपूरला गेला, त्याच रस्त्याने नातू प्लॉटमागून प्लॉट बदलत माघारी येतोय. आणखी दोन मेट्रो स्टेशनं झाली की घरी पोचेल. हमाली मात्र कळमन्यालाच, म्हणून पेट्रोल रोजीतून.

मागणी फार मोठी नाही. मोजणीच्या फॉर्मवर मालकाच्या खाली किरायेदाराचा रकाना छापा. कागदाला लागतो तेवढाच खर्च. ज्याचं घर रस्त्यात जातं त्याला त्याच वस्तीत आधी चावी द्या, मग जेसीबी आणा. आणि छोट्या प्लॉटला टक्केवारीतून सोडा, ती कपात मोठ्या जमिनींकडून वसूल करा. हे स्मार्ट नसेल, पण हिशेबात बसतं.

हे सगळं भंडाऱ्यात बसून नागपूरला ऐकवायला मजा येते. पण आमच्याही शहराभोवतीच्या बांध्यांवर चुन्याच्या रेषा पडल्या आहेत. ले-आउटची पत्रकं नागपूर रोज थोडं जवळ आणतात. ती घरं बांधायला बालाघाटकडून, छत्तीसगडातून मजूर आलेत आणि आमच्याच टिनाच्या खोल्यांत राहतात. संध्याकाळी कट्ट्यावर आम्ही विचारतो, ही बाहेरची माणसं कधी जाणार? आणि पहिल्या तारखेला त्यांच्याकडून किराया घेताना पावती आम्हीही देत नाही.