स्वविक्रमाचे व्रत: विधी, पथ्य आणि उद्यापन

हे व्रत कोणी करावे याबद्दल मतभेद नाहीत. ज्याच्यापुढे याहून महत्त्वाचे काम पडलेले आहे, त्या प्रत्येकाला ते करण्याचा अधिकार आहे. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायचे राहिलेले गृहस्थ, प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाशी अडलेले विद्यार्थी आणि पाहुणे येण्यापूर्वी माळा आवरून देतो असा शब्द देऊन बसलेले कर्ते पुरुष विशेष पात्र समजावेत. वयाची अट नाही. मात्र पस्तिशी ओलांडलेल्यांनी ‘विक्रम’ म्हणण्याआधी त्याला ‘स्व’ जोडण्याची सवय लावून घ्यावी. त्याचे कारण बोटांच्या प्रकरणात येईल.

व्रताचे दैवत टेट्रिस. त्याचा जन्म 1984 साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात झाला. जनक अलेक्सी पाजित्नोव. त्यांच्यापुढच्या ‘इलेक्ट्रॉनिका 60’ या यंत्राला चित्रे काढता येत नसत, म्हणून पहिले तुकडे कंसाच्या चिन्हांतून घडवले गेले. खेळाचे हक्क सरकारकडे गेले. पुढे हा खेळ जगभर विकला गेला, पण पाजित्नोव यांना स्वामित्वधन मिळू लागले ते 1996 नंतर. व्रतस्थाने ही कथा आरंभी एकदा वाचावी. निर्मात्यालाच बारा वर्षे काही मिळाले नाही हे कळले, की ‘यातून आपल्याला काय मिळणार’ हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

दैवताचे अवतार अनेक आहेत. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला तो हातात मावणारा ब्रिक गेम. त्याच्यावर ‘9999 इन 1’ असे छापलेले असे आणि आत तेच मोजके खेळ वेगवेगळ्या वेगाने फिरत असत. त्यावर मिळवलेले गुण भावंडांत मिरवायला ठीक. शास्त्रोक्त व्रतासाठी मात्र निन्टेंडोने 1989 साली आपल्या घरगुती यंत्रासाठी काढलेली आवृत्तीच घ्यावी. जागतिक स्पर्धा तिच्यावरच उभी राहिली. त्याच वर्षी टेन्जेन या कंपनीनेही त्याच यंत्रासाठी टेट्रिस काढला होता, पण न्यायालयाच्या आदेशाने त्याची विक्री थांबली. तेव्हा कॅसेट विकत घेताना वरचे नाव नीट वाचावे.

साहित्य

जुने यंत्र, कॅसेट, कंट्रोलर आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही. शेवटची वस्तू भंगारवाल्याकडे सापडते. ती घरात परत आणताना कारण आधीच तयार ठेवावे.

कारण असे: सपाट टीव्ही बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत थोडा वेळ खातो. हा वेळ 50 मिलिसेकंद धरला, तर 19व्या पातळीवर तेवढ्यात तुकडा दीड घर खाली आलेला असतो आणि 29व्या पातळीवर तीन घरे. बातम्या पाहणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. व्रतस्थाचा डाव बुडतो.

कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर मारू नये. एका अख्ख्या पिढीचा या उपायावर विश्वास होता. प्रत्यक्षात तोंडातल्या ओलाव्याने तिचे धातूचे दात गंजतात आणि निन्टेंडोनेही फुंकर मारू नका असेच सांगितले होते. कॅसेट काढून पुन्हा नीट बसवली की बहुधा काम होते. श्रेय मात्र आजवर फुंकरीने घेतले.

अमेरिकी यंत्र सेकंदाला 60 फ्रेम दाखवते, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी बनलेले यंत्र 50. दोन्हींवरचे विक्रम एका यादीत धरत नाहीत. पुढचे सर्व हिशेब अमेरिकी यंत्राचे आहेत.

संकल्प

यंत्र चालू करताच गुणांच्या तक्त्यात तीन नावे आधीच विराजमान दिसतात: हॉवर्ड 10,000, ओटासान 7,500 आणि लान्स 5,000. हे तिघे कारखान्यातूनच येतात. पहिला संकल्प हॉवर्डला खाली उतरवण्याचा करावा. त्यानंतर एक लाख, तीन लाख, पाच लाख अशा पायऱ्या ठेवाव्यात. शेवटची पायरी 9,99,999. तिच्यापुढे आकडा सरकत नाही, कारण पडद्यावर सहाच घरे आहेत. याहून जास्त कोणाला लागतील, असे बनवणाऱ्यांना वाटले नसावे. हॅरी हाँग या अमेरिकी खेळाडूने 2009 मध्ये हा आकडा गाठल्याची पहिली अधिकृत नोंद आहे.

नाव नोंदवायलाही रोमन लिपीतली सहाच अक्षरे मिळतात. जोशी, पाटील, कदम आणि पवार सुखाने बसतात. कुलकर्णी आणि देशपांडे यांनी टोपणनावाची निवड व्रताआधीच करून ठेवावी. विक्रमाच्या धुंदीत घाईने कापलेले आडनाव सहसा ओळखू येत नाही.

विधी

रिंगण दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच. एक ओळ भरली की 40 गुण, दोन एकदम भरल्या तर 100, तीन भरल्या तर 300 आणि चारही एकदम उडाल्या तर 1,200. या गुणांना पातळीच्या आकड्यात एक मिळवून गुणायचे. चार ओळी एकेक करून उडवणाऱ्या सज्जनाला 160 मिळतात. त्याच चार ओळी अडवून ठेवून एका फटक्यात चौकार मारणाऱ्याला त्याच्या साडेसात पट. बचतीच्या कोणत्याही योजनेत असा परतावा नाही.

तेव्हा नऊ रांगा रचत जाव्यात आणि उजव्या कडेची एक रांग विहिरीसारखी मोकळी सोडावी. लांब दांडी आली की ती विहिरीत उभी सोडावी. चार ओळी गेल्या. विहिरीवर दुसऱ्या तुकड्याचे झाकण बसू देणे हा या व्रतातला सर्वांत जुना अपराध. त्याचे प्रायश्चित्त म्हणून झाकणाच्या ओळी एकेक करून, 40च्या भावाने, उडवाव्या लागतात.

आरंभ शून्य पातळीपासून करू नये. पातळी निवडण्याच्या पडद्यावर 8 निवडून ‘ए’ बटण दाबून धरावे आणि मग ‘स्टार्ट’ दाबावे. खेळ थेट 18व्या पातळीवर उघडतो. इथे एका चौकाराचे 22,800 होतात. म्हणजे हॉवर्डचा संकल्प पहिल्याच चौकारात दोनदा फिटतो. व्रतस्थाने यावरून हुरळून जाऊ नये. या पातळीवर तुकडा एका सेकंदात माथ्यापासून तळाशी येतो. 130 ओळी झाल्या की 19वी पातळी लागते आणि तेच अंतर दोन तृतीयांश सेकंदात कापले जाते. 230 ओळींना 29वी पातळी, तिथे एक तृतीयांश सेकंद. अनेक वर्षे याच ठिकाणाला खेळाचा शेवट मानत. तिथे तुकडा कडेपर्यंत नेण्याआधीच तो जमिनीला टेकलेला असे.

थोडे गणित करावे. 230 ओळींत जास्तीत जास्त 57 चौकार बसतात. 18व्या पातळीपासून निघून 9,99,999 गाठायला, एकही ओळ वाया न घालवता, 43 पुरतात. म्हणजे सुटी ओळ उडवण्याची ऐपत अट्ठावन्न ओळींचीच. घाबरून उडवलेली प्रत्येक एकेरी ओळ या शिलकीतून जाते आणि नवशिक्याची शिलक पहिल्या दोन-तीन मिनिटांत संपते.

दांडीचा दुष्काळ

इथे व्रताचे मर्म येते. गुणांचा तक्ता लोभाला बक्षीस देतो आणि तुकड्यांचा पुरवठा त्याच लोभाला धडा शिकवतो. तुकडे सात प्रकारचे आहेत. आजच्या टेट्रिसमध्ये सातही तुकडे एका पिशवीत घालून, हलवून एकेक काढावेत तसे येतात, त्यामुळे दोन दांड्यांमध्ये बारापेक्षा जास्त तुकडे येऊ शकत नाहीत. 1989च्या आवृत्तीत अशी हमी नाही. मागचाच तुकडा पुन्हा निघाला तर यंत्र एकदा फेरविचार करते, बाकी सगळे नशिबावर.

सलग वीस तुकड्यांत दांडीने दांडी मारण्याची शक्यता साधारण तीन टक्के. ऐकायला ही कमी वाटते. पण 230 ओळी म्हणजे 575 तुकडे आणि त्यांत दांड्या सुमारे 82. एवढ्या लांबीचा दुष्काळ पूर्ण डावात सरासरी तीनदा पडतो. तो कधी पडेल हे सांगता येत नाही. पण जेव्हा पडेल तेव्हा मनोरा छताला भिडलेला असेल, असा सर्व व्रतस्थांचा समज आहे. हा समज खोटा आहे. दुष्काळ खालच्या मनोऱ्यावरही पडतो, फक्त तेव्हा कोणी मोजत नाही.

दुष्काळात दोनच मार्ग. मनोरा अर्ध्याच्या वर गेला तर मान खाली घालून दोन-तीन ओळी उडवाव्यात, नाहीतर पुढच्या तुकड्याच्या चौकटीकडे पाहत राहावे. त्या चौकटीत एकच तुकडा दिसतो. तो बहुधा झेडच्या आकाराचा असतो.

बोटे

बटण दाबून धरले तर तुकडा एक घर सरकतो, मग 16 फ्रेम थांबतो आणि त्यानंतर दर सहा फ्रेमना एकेक घर सरकतो. 29व्या पातळीवर संपूर्ण पतनालाच 20 फ्रेम लागतात. म्हणून दाबून धरणाऱ्यांचा मार्ग तिथे संपतो. लॉस एंजेलिसमध्ये 2010 साली सुरू झालेली जागतिक स्पर्धा सात वेळा जिंकणारे जोनास न्यूबाउर याच मार्गाचे महापुरुष होते. 2018च्या अंतिम फेरीत त्यांना सोळा वर्षांच्या जोसेफ सेलीने हरवले. तो बटण दाबून धरत नसे, अंगठा थरथरवून सेकंदाला दहा-बारा वेळा आपटत असे.

त्यानंतर ‘रोलिंग’ आले. एका हाताचा अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे कंट्रोलरच्या पाठीवर तबलजीने तिरकिट वाजवावे तशी एकामागून एक वाजवायची. बटण खाली दाबले जात नाही, कंट्रोलरच वर येऊन अंगठ्यावर आपटतो. या युक्तीने 29वी पातळी शेवट राहिली नाही. 21 डिसेंबर 2023 रोजी ओक्लाहोमातील तेरा वर्षांचा विलिस गिब्सन सुमारे 38 मिनिटे खेळून 157व्या पातळीवर पोचला आणि तिथे खेळच गोठला. गुणांची बेरीज करणाऱ्या सूचना यंत्राला वेळेत संपवता आल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदाच माणसाने टेट्रिसला हरवले, अशा बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी मायकेल आर्टियागाने, गोठू नये म्हणून दुरुस्त केलेल्या आवृत्तीवर, 255वी पातळी ओलांडली आणि पातळीचा आकडा पुन्हा शून्यावर आला.

‘स्व’ का जोडायचा, ते आता पुरेसे स्पष्ट व्हावे. चाळिशीतल्या व्रतस्थाने रोलिंगचा प्रयत्न जरूर करावा. मनगटाला बांधायचा पट्टा औषधाच्या दुकानात मिळतो.

पथ्य

व्रतकाळात डोळे मिटले की तुकडे पडताना दिसतात. हा दोष नाही. 2000 साली हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी 27 जणांना टेट्रिस खेळायला लावले. त्यांत स्मृतिलोपाचे पाच रुग्ण होते. आपण खेळलो हेच त्यांना आठवत नव्हते, तरी त्यांतल्या तिघांना झोपेच्या उंबरठ्यावर पडणारे तुकडे दिसले. व्रतस्थाला फरशी, पुस्तकांचे कपाट आणि रेल्वेच्या डब्यातले सामान यांत मोकळ्या विहिरी दिसू लागल्या तर डाव नीट बसतो आहे असे समजावे. मात्र दुसऱ्याच्या बॅगा न विचारता हलवू नयेत.

घरच्यांसाठी दुसरा अभ्यास हाताशी ठेवावा. 1992 मध्ये रिचर्ड हायर आणि सहकाऱ्यांनी टेट्रिस खेळणाऱ्यांचे मेंदू तपासले. काही आठवड्यांच्या सरावाने गुण वाढले आणि मेंदूतला ग्लुकोजचा वापर मात्र घटला. मेंदू अधिक कार्यक्षम झाला, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. सासुरवाडीत तो वेगळा लावला जाऊ शकतो, म्हणून तिथे निष्कर्षाचा पहिला अर्धाच सांगावा.

याशिवाय: पराभूत डावानंतर लगेच ‘शेवटचा एक’ खेळू नये. शेवटचा एक हा या व्रतात कधीच एक नसतो. पार्श्वसंगीताच्या तीन पर्यायांत पहिला चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’मधला आहे. तो निवडल्यास आपण शास्त्रीय संगीत ऐकत होतो असे खरे बोलता येते. विक्रमाच्या जवळ असताना गुणांच्या आकड्याकडे पाहू नये, कारण तो उजव्या बाजूला वर असतो आणि झाकण उजव्याच बाजूला बसते.

उद्यापन

विक्रम झाला की लगेच ‘स्टार्ट’ दाबू नये. या कॅसेटीत स्मृती राखणारी बॅटरी नाही. वीज गेली किंवा यंत्र बंद केले, की तक्त्यातले नाव आणि गुण दोन्ही पुसले जातात. रात्रभर केलेल्या साधनेचा यंत्राकडे काहीही पुरावा उरत नाही. म्हणून खेळ संपलेल्या पडद्याचा फोटो काढावा. त्यात गुण, ओळी आणि पातळी हे तिन्ही आकडे एकत्र आणि स्पष्ट दिसायला हवेत. शक्य असल्यास सगळा डावच फोनवर चित्रित करावा आणि फोनमध्ये जागा आहे की नाही हे डावाआधी तपासावे. पिक्चर ट्यूबवर फोटोत काळे पट्टे येतात, तेव्हा तीन-चार फोटो घ्यावेत. त्यातला एक तरी वाचता येतो हे डोळ्यांनी पाहून मगच यंत्र बंद करावे.