बदलीवर आलेले मासे

गळ टाकून नदीकाठी बसलेला मनुष्य हा आपल्याकडे निरुद्योगीपणाचा नमुना म्हणून प्रसिद्ध आहे; आणि माझे बालपण तापीच्या खोऱ्यात गेलेले असल्यामुळे, एका हाताने काठी धरून दुसऱ्या हाताने विडी ओढणाऱ्या, पाण्यापेक्षा घाटावरील येणाऱ्या-जाणाऱ्यांवर अधिक लक्ष ठेवणाऱ्या आणि सूर्यास्ताला रिकाम्या हाताने परंतु प्रसन्न मुद्रेने घरी परतणाऱ्या कित्येक सत्पुरुषांचे दर्शन मला घडलेले आहे. मासेमारीविषयीच्या माझ्या कल्पना अशा निवृत्तिमार्गी असताना, मिशिगन राज्यात स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने, ‘मामा, उद्या सॅमन धरायला जायचंय, पहाटे साडेतीनला तयार राहा,’ असे फर्मावले, तेव्हा साडेतीन ही मासे धरण्याची वेळ नसून धाड घालण्याची वेळ आहे, असे माझे प्रथमदर्शनी मत झाले. आणि महसूल खात्यात हयात घालवलेल्या मनुष्याचे अशा बाबतीतील मत सहसा चुकत नाही. मी स्वतः खाणाऱ्यांपैकी नव्हे, मासे या अर्थाने आणि खात्यातल्या अर्थानेही. परंतु यजमानाच्या छंदास पाहुण्याने हरकत घेणे शिष्टाचारास धरून नाही, म्हणून कानटोपी, दोन स्वेटर आणि सूनबाईने बांधून दिलेला फराळाचा डबा एवढ्या सिद्धतेनिशी मी निघालो.

लडिंग्टन हे मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावरचे लहानसे बंदर. सरोवराची लांबी ४९४ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी १९० किलोमीटर आणि खोली २८१ मीटरपर्यंत. समोरचे विस्कॉन्सिन राज्य गाठण्यास, १९५३ पासून चाकरीत असलेल्या ‘बॅजर’ नावाच्या कोळशाच्या आगबोटीला सुमारे चार तास लागतात. पलीकडचा किनारा दिसत नाही, भरती-ओहोटी जाणवत नाही, आणि लाट तोंडावर आली तर पाणी खारट लागत नाही. यांपैकी शेवटच्या गोष्टीची खातरजमा मला माझ्या इच्छेविरुद्ध धक्क्यापासून अर्ध्या मैलाच्या आतच करून घ्यावी लागली. आमची नाव अठरा फुटी होती. तिचा मालक भाच्याचा शेजारी, शाळामास्तरकीतून निवृत्त झालेला एक धिप्पाड अमेरिकन गृहस्थ, ज्याला मी येथे आपल्या कोकणच्या रिवाजाप्रमाणे तांडेल म्हणेन. कारण पाण्यावर गेल्यावर तो ज्या अधिकाराने आम्हांस उठवी, बसवी आणि सरकवी, त्या अधिकाराला दुसरे नाव शोभत नाही.

येथील पद्धतीत मासा गळाकडे येत नाही. गळच माशाच्या शोधार्थ फिरतीवर निघतो. नाव ताशी दोन-अडीच मैलांच्या, म्हणजे वरातीच्या घोड्याच्या, चालीने अखंड चालत राहते आणि तिच्यामागून निरनिराळ्या खोलीवर आमिषे फरफटत येतात. माणशी तीन काठ्या ही कायद्याची मर्यादा, आम्ही तिघे, सबब नऊ काठ्या, आणि त्या नऊ काठ्यांच्या नऊ दोऱ्या परस्परांत न गुंतता चालाव्यात एवढ्यासाठी जी यंत्रसामग्री त्या नावेत भरलेली होती, ती पाहून मनुष्याने बसावयाचे कोठे हा प्रश्न विचारणे मी गैर मानले. यांत मुख्य यंत्र डाऊनरिगर. नावेच्या मागल्या कठड्यावर बसवलेला हा एक लहानसा रहाट. त्याच्या तारेच्या टोकाला दहा-बारा पौंडांचा शिशाचा गोळा, गोळ्यापाशी एक चिमटा, चिमट्यात काठीची दोरी. रहाट सोडला की गोळा दोरीला घेऊन खाली जातो, तबकडीवर फुटांचा आकडा फिरत राहतो, आणि हवी ती खोली आली की रहाट थांबवून काठीची दोरी ताणावयाची, म्हणजे काठी कंबरेत वाकून उभी राहते. मासा लागला की चिमटा दोरी सोडतो, काठी ताडकन सरळ होते आणि पुढील झगडा शिशाच्या वजनाविना, मासा आणि मनुष्य यांच्यात परभारे होतो.

गोळा ऐंशी फुटांवरच का थांबवला, या माझ्या पृच्छेवर तांडेलाने जे व्याख्यान दिले, त्यावरून तो शाळेत कोणता विषय शिकवीत असावा हे ध्यानी आले. ऑगस्टात सरोवराचे वरचे पाणी स्नानास योग्य इतके कोमट असते, आणि त्या कोमट थराच्या खाली, जणू जिना उतरून तळघरात जावे तसे, एकाएकी थंड पाणी लागते. चिनूक सॅमन, ज्याला तेथे किंग म्हणतात, त्याला साधारण बारा अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. म्हणून तो त्या दोन थरांच्या वेशीवर मुक्काम ठोकतो. पश्चिमेचा वारा सुटला की सारे कोमट पाणी या किनाऱ्याला येऊन साचते आणि वेस खाली जाते. पूर्वेचा सुटला की वरचे पाणी आत लोटले जाऊन तळाचे थंड पाणी किनाऱ्याशी वर येते. तात्पर्य, माशाचा राहण्याचा पत्ता वारा रोज बदलतो, आणि तो शोधण्यासाठी शिशाच्या गोळ्यासोबत एक तापमापकही खाली धाडलेला असतो. आमिष म्हणजे रंगवलेले धातूचे चमचे; पहाटेच्या अंधारात ते चकाकावेत म्हणून भाचा त्यांच्यावर विजेरीचा झोत धरून बसला होता. मोठे मासे चमच्यांमार्फतच हाती लागतात, ही माहिती मला नवी नव्हती.

पूर्व उजळली तरी एकही काठी हलेना, तेव्हा मी फराळाचा डबा उघडला. आणि तांडेलाचा चेहरा उतरला.

‘मामा, डब्यात केळं आहे?’ भाच्याने दबलेल्या आवाजात विचारले.

‘अरे, रावेरच्या माणसाला हे काय विचारतोस? दोन आहेत. घे.’

तेव्हा मला कळले की, नावेत केळे आणणे हा या लोकांत घोर अपशकुन मानतात. केळे आले की मासा गेला, आणि क्वचित नावही गेली. कारण विचारता दोन प्रवाद ऐकावयास मिळाले. पूर्वी केळ्यांची गलबते माल नासू नये म्हणून इतक्या वेगाने हाकीत की त्यांच्यावरील खलाशांना गळ टाकून काही मिळतच नसे, हा एक. आणि घडांमध्ये विषारी कोळी दडून येत, हा दुसरा. ज्या जिल्ह्यातून केळ्यांच्या वाघिणी भरभरून उत्तरेस रवाना होतात, त्या जळगाव जिल्ह्याचा मी रहिवासी. माझ्या मुलुखाच्या मुख्य पिकावर परक्या पाण्यात असा आरोप होत असता मी मौन धारण करणे शक्य नव्हते. मी प्रतिपादन केले की पहिल्या प्रवादात दोष वेगाचा आहे, केळ्याचा नव्हे, आणि वरातीच्या चालीने जाणाऱ्या आमच्या नावेला तो लागू पडत नाही. तांडेलाने युक्तिवाद शांतपणे ऐकून घेतला आणि केळी जप्त केली.

पण जप्त मालाची विल्हेवाट कशी लावावी? पाण्यात टाकणे त्याच्या नागरिकत्वाला रुचेना. बंदरात परतणे म्हणजे नऊ दोऱ्या गुंडाळणे. केळी खाऊन टाकण्यास त्याने अखेर संमती दिली, आणि आम्ही दोघांनी तो हुकूम तत्परतेने अमलात आणला. परंतु साली उरल्या, आणि साल म्हणजे केळेच, असा त्याचा निवाडा पडला. अशा प्रसंगी नियमाचे शब्द पाहावे लागतात. निषेध नावेतील केळ्याचा आहे. सबब साली पिशवीत घालून ती पिशवी दोरीने नावेच्या नाळेबाहेर टांगल्यास त्या नावेत आहेत असे कोणालाही म्हणता येणार नाही, अशी टिप्पणी मी सादर केली. तांडेल बराच वेळ सरोवराकडे पाहत राहिला आणि मग त्याने स्वतः उठून पिशवीला गाठ मारली. डब्याच्या तळाशी केळ्याचे वेफरही होते; परंतु तळल्याने वस्तूचे स्वरूप पालटते, असे मानून ते प्रकरण मी सुनावणीस आणलेच नाही.

त्यानंतरच्या निवांत वेळात तांडेलाने मला सरोवरातील माशांचा जो पूर्ववृत्तांत सांगितला, तो ऐकून माझ्या मनात त्या जलचरांविषयी एकदम व्यवसायबंधुत्व उत्पन्न झाले. तेथील बहुतेक नामांकित मासे बाहेरून नेमणुकीवर आलेले आहेत. स्टीलहेड हा १८७६ साली पॅसिफिककडून मिशिगनमध्ये आणलेला. ब्राऊन ट्राउटची पिल्ले जर्मनीहून आलेल्या अंड्यांतून उबवून १८८४ साली पेर मार्केट नदीत सोडली, ती नदी या लडिंग्टनलाच सरोवरास मिळते. याशिवाय विनापरवाना घुसलेले निराळे. नायगाराला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याने आधी लॅम्प्री नावाचा रक्तशोषक आला आणि त्याने, कोळ्यांच्या अनिर्बंध जाळ्यांच्या साहाय्याने, येथला मूळचा रहिवासी जो लेक ट्राउट त्याचा १९५०च्या दशकात जवळजवळ निर्वंश केला. पाठोपाठ एलवाइफ नावाचा बोटभर समुद्री मासा आला, आणि त्याला खाणारा कोणी उरलेला नसल्यामुळे इतका माजला की १९६७च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे ढीग शिकागोपर्यंतच्या किनाऱ्यांवर साचून ते उचलण्यास बुलडोझर लावावे लागले.

या बजबजपुरीत १९६४ साली हॉवर्ड टॅनर हे राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख झाले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी वेन टोडी यांनी ऑरेगन राज्याकडून कोहो सॅमनची अंडी मागवली, १९६६च्या वसंतात पिल्ले प्लॅट नदीत आणि अन्यत्र सोडली, आणि दुसऱ्या वर्षी चिनूकही पाठवला. बदलीवर आलेल्या अंमलदाराने जिल्ह्यातील सर्व खाद्य पाहून जे करावे तेच या माशांनी केले. एलवाइफ खाऊन ते अल्पावधीत असे पुष्ट झाले की १९६७च्या शरदात कोहो धरण्यासाठी माणसांची झुंबड उडाली. मात्र आमच्या खात्याहून एक फरक आहे. सॅमनला ज्या ओढ्यात पिल्लूपणी सोडावे, त्या ओढ्यावर तो तीन-चार वर्षांनी अचूक परत रुजू होतो, अंडी घालतो आणि तत्काळ मरतो. निवृत्तिवेतनाचा बोजा सरकारवर पडत नाही. आता जहाजांच्या पोटातील पाण्याबरोबर आलेल्या क्वागा शिंपल्यांनी सरोवरातील सूक्ष्म अन्न गाळून फस्त केल्यामुळे एलवाइफ रोडावला आहे, आणि शेजारच्या ह्युरॉन सरोवरात तर या शतकाच्या आरंभीच तो संपला व चिनूकचा संसार त्याच्या मागोमाग उठला. तेव्हा नव्या नेमणुका किती करावयाच्या, याचा हिशोब दरवर्षी फिरून मांडावा लागतो.

हे सांगत असताना तांडेलाची नजर पश्चिमेच्या ढगांवरून हटत नव्हती. २३ सप्टेंबर १९६७ रोजी याच किनाऱ्यावर, थोडे उत्तरेस, कोहोच्या नादाने लहान नावा घेऊन गेलेले सात जण एकाएकी उठलेल्या वादळात दगावले. तेव्हापासून हवामानाचा इशारा हा येथे गप्पांचा विषय राहिलेला नाही, आणि ही गोष्ट सांगताना तांडेलाने पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

आणि तेवढ्यात एक काठी सरळ झाली. ती माझ्या सर्वांत जवळ असल्यामुळे ती माझ्या हाती देण्यात आली. अपेक्षेप्रमाणे युद्ध झाले नाही. दोरीच्या टोकाला जड, जिद्दहीन असे काहीतरी होते, ते मी खेचीत गेलो आणि ते येत गेले. वर आला तो लेक ट्राउट. तांडेलाने नाक मुरडले. या सरोवराचा जो खराखुरा भूमिपुत्र, ज्याच्या पुनर्वसनासाठी सरकार १९६५ पासून पिल्ले सोडीत आले आहे, त्याच्याकडे हे लोक चिवट, तेलकट आणि झुंज न देणारा म्हणून तुच्छतेने पाहतात, आणि बाहेरून आलेल्या किंगसाठी पहाटे उठतात. त्या माशाच्या डोळ्यांत मला कोणताही रोष दिसला नाही. विस्थापिताला इतक्या वर्षांनी सवय होत असावी.

दुसरी काठी सरळ झाली ती मात्र अशी की रिळाने किंकाळी फोडली. ‘टोक वर! टोक वर!’ असे तांडेल ओरडत होता. भाचा उरलेल्या दोऱ्या धडाधड गुंडाळीत होता. रिळावरील आकडा दीडशे, दोनशे, तीनशे फूट असा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता, आणि मी मुठीने काही फूट वसूल करावेत तोच मासा एका झेपेत तेवढेच पुन्हा उधळून टाकीत होता. थकबाकीच्या वसुलीत माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. परंतु इतक्या चिकाटीचा थकबाकीदार मी पाहिलेला नाही. कोपर भरून आले, कानटोपी डोळ्यांवर सरकली, आणि ती वर करावयास हात मोकळा नव्हता. अखेर नावेच्या बाजूला रुपेरी अंग उलटले, भाच्याने जाळी खालून घातली, आणि सतरा पौंडांचा किंग तळफळीवर येऊन आपटला. तांडेलाने त्याच्या हिरड्या पाहिल्या. काळ्या, म्हणजे चिनूक खरा. मग पाठीवर, शेपटीच्या अलीकडे बोट फिरवून तो थबकला. तेथे एक लहानसा मांसल पर असावयास हवा, तो नव्हता. उबवणी केंद्रात वाढलेल्या पिल्लांचा हा पर कापून टाकतात आणि नाकाडात जेमतेम एक मिलिमीटर लांबीची, आकडे कोरलेली तार बसवतात. हा मासा आपले सेवापुस्तक नाकात घेऊन फिरत होता.

धक्क्यावर मासे साफ करण्याच्या जागेपाशी मत्स्यविभागाची एक तरुण मुलगी फळीवर कागद लावून उभी होती. नाव किती वाजता सुटली, किती वाजता लागली, कोणते मासे किती मिळाले, हे तिने क्रमवार विचारले. केळ्याच्या चौकशीत गेलेला वेळ मासेमारीत धरावा की नाही, याबद्दल तांडेल आणि भाचा यांच्यात किंचित मतभेद झाला. मग तिने एक कांडी किंगच्या नाकाडावरून फिरवली, कांडी वाजली, आणि शीर तपासणीसाठी हवे असल्याचे तिने नम्रपणे सांगितले. तांडेलाने सुरी चालवली. तिने शीर पिशवीत घातले, पिशवीवर क्रमांक लिहिला, आणि ती पुढल्या नावेकडे वळणार, तोच मी तिला थांबवले. कारण मुद्देमाल ताब्यात दिल्याची पोच घेतल्यावाचून मी आजवर कोठल्याही कार्यालयाची पायरी उतरलेलो नाही. ती प्रथम हसली. मग एका कागदाच्या तुकड्यावर तिने माशाचा क्रमांक आणि लांबी लिहिली. तारीख राहिली होती ती मी दाखवून दिली. तिने तारीख घातली, खाली सही केली, आणि सही करता करता मान वर न करता विचारले, ‘आपण कोणत्या खात्यात होता?’