सर्व्हरचे जाणकार

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीसारख्या मोठ्या गावात सरकारी कामं ऑनलाइन झाली आणि एक नवा मानकरी तयार झाला. लोक त्याला आबा म्हणतात. सकाळी सेवा केंद्राचं शटर वर जायच्या आत आबा बाकड्यावर हजर. स्वतःचं काम असेलच असं नाही. आत शिरणाऱ्याला तो दारातच गाठतो, "माघारी फिरा. सर्व्हर चालंना." आतल्या पोरानं अजून कॉम्प्युटरचं बटणसुद्धा दाबलेलं नसतं.

सर्व्हर ही काय चीज आहे, ती कुठं ठेवतात, हे आबाला ठाऊक नाही. पण तिचा स्वभाव त्याला तोंडपाठ आहे: मुदत संपत आली की ती रुसते, पहाटे मात्र गुमान चालते. आजीबाईचा थम मशीनवर उठेना की आबा तिचं बोट धोतराच्या सोग्यानं पुसतो, तेलाचं बोट लावतो, पुन्हा पुसतो, आणि मशीनवर जरा आडवं टेकवतो. जन्मभर खुरपं धरलेल्या बोटावर रेषा उरतात किती? तरी चौथ्या-पाचव्या खेपेला हिरवा दिवा लागतो. मग आबा आजीकडं नाही, पोराकडं बघतो.

त्याचा खरा राग ई-पीक पाहणीवर. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर शेतकऱ्यानंच बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा नोंदवायचा, असं ठरलं. त्याआधी गाव नमुना बारावर तलाठी पीक लावायचे. चावडीत बसून सोयाबीनच्या रानात ज्वारी लावली म्हणून आबानं तलाठ्याविरुद्ध अर्ज केले होते. आता तोच म्हणतो, "तलाठी बरा हुता. निदान तोंडावर बोलता तरी यायचं." शिवारात रेंज नाही, रेंज आहे तिथं शिवार नाही, आणि ॲप म्हणतं तुम्ही गटाच्या बाहेर आहात. स्वतःच्या बापजाद्याच्या रानात उभ्या माणसाला हे ऐकायला लागावं, यात आबाचं काही चुकतं असं म्हणवत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस गुलाब चक्रीवादळाच्या पावसानं मराठवाडा झोडपला. तेरणा-मांजरा काठची सोयाबीन पाण्यात गेली. पीकविम्याच्या नियमानं नुकसान ७२ तासांत कळवायचं होतं. रानात गुडघाभर पाणी, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पडद्यावर गोल चक्र. आबानं त्या दिवसांत गावाला इतकं फिरवलं, इतक्या युक्त्या सांगितल्या, की त्याला शिव्या देणारेही त्याच्याच मागं उभे राहिले.

मग ४ ऑक्टोबरची रात्र आली. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम जगभर सहाएक तास बंद. कंपनीच्याच राउटरमधल्या बदलानं सगळं कोलमडलं होतं. गावातल्या पोरांनी मोबाइल बंद-चालू केले, सिमकार्ड काढून फुंकर मारून बसवली. आबा मात्र खुशीत. "आता कळलं का? अमेरिकेतबी आपल्यासारखंच हाय!"

२०२३ला जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, तेव्हा आबाला नवं खाद्य मिळालं. जिल्ह्याच्या यादीत 'ध' शोधायचा की 'उ', यावर तो केंद्रात तास तास घालवी. त्याच वर्षी खरिपाला एक रुपयात पीकविमा आला. "रुपयाला काय, सर्व्हर डाऊनच मिळणार," म्हणत त्यानं रांगेतल्या प्रत्येकाला एकेक सुटा रुपया काढून दिला.

परवा पीक पाहणीची मुदत संपत होती. आबा सकाळपासून ठणकावत होता, "वाढणार. दर साली वाढती." संध्याकाळी मुदतवाढीचा निरोप आला. बाकड्यावरून कुणीतरी विचारलं, "आबा, तुमचा पेरा लावला का?"

आबानं टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. "मुदत हाय की अजून. आन् न्हाईच झालं तर सहायक येतूय लावायला."