भरायचं, पण टोचायचं नाही

शेजारच्या वहिनी अंबाडी मागायला कुपाटीशी आल्या तेव्हाच मी ओळखलं. अंबाडी त्यांच्या परसातही गुडघ्याएवढी झालेली. पोराचा नीटचा निकाल लागल्यापासून बाईच्या पोटात गोळा होता, तो कुठंतरी मोकळा करायचा होता. माझा जन्म गेला ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून राबण्यात. रिटायर होऊन गोंडपिपरीत आल्यापासून गल्लीतल्या झाडून साऱ्या बारावीवाल्यांची मी बिनपगारी सल्लागार.

"बाई, एमबीबीएस तं गेलं हातचं. आता म्हणते बीपीएमटी कर, भुलीच्या डॉक्टरचा टेक्निशियन हो. चांगलं रायते का जी थे?"

"पोराला काय वाटते?"

"त्याले का वाटते! मी चंद्रपूरले जाऊन तीन डॉक्टरायले विचारून आली. तिघं तीन गोष्टी सांगून रायले."

हे ऐकण्यासारखं होतं. मी पाण्याचा नळ बंद केला.

पहिले मेडिसिनवाले. ते म्हणाले, पोरगा हुशार आहे, आणखी एक वर्ष बसवा, टेक्निशियन होऊन काय करणार, जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली. वहिनींचं तोंड उतरलं होतं. मी म्हटलं, अहो, ते साहेब थिएटरात पाऊल टाकून किती वर्षं झाली असतील! आणि डॉक्टर लोकांच्या घरात डॉक्टर सोडून दुसरं करिअर म्हणजे नापासच. त्यांचं मनावर घेऊ नका.

दुसरे सर्जन. ते खूश. "लगेच पाठवा, शिकला की मीच ठेवून घेतो."

"पगार सांगितला का?"

"नाही ना बाप्पा. थे मी विचारलंच नाही."

"त्यांनीही सांगितला नसता." सर्जनला असा पोरगा हवाच असतो. केस लवकर सुरू झाली पाहिजे, भुलीचे डॉक्टर यायच्या आधी सगळं मांडून तयार पाहिजे. कौतुक भरपूर, पण पाकिटात उतरेलच असं नाही. खाजगीत तर वॉर्डबॉयनं काम शिकून घेतलेलं असतं, आणि डिग्रीवाला जास्त पैसे मागतो म्हणून कितीतरी ठिकाणी वॉर्डबॉयवरच भागवतात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं.

तिसऱ्या भूलतज्ज्ञ मॅडम. त्यांनी आधी एवढंच विचारलं म्हणे, "रात्री दोनला उठतो का?" मग म्हणाल्या, असा एक हात माझ्याकडे असता तर माझं निम्मं टेन्शन गेलं असतं. आणि जाताजाता, "पण त्याला एक सांगून ठेवा. औषध भरायचं, टोचायचं नाही."

"असं काऊन म्हणल्या जी? भरणारा टोचू नाही शकत का?"

इथं मात्र मला कुपाटीला टेकावंच लागलं. वहिनींना वाटत होतं टेक्निशियन म्हणजे ट्रे धरणारा. मी सांगितलं, सकाळी पहिली केस लागायच्या आधी मशीन तपासतो तो. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे की नाही, सक्शन ओढतं का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का. घशात घालायची नळी सातची, साडेसातची, आठची, तिन्ही काढून ठेवायच्या. नळीचा फुगा सिरिंजनं फुगवून बघायचा, गळत नाही ना. मशीनवर सोडा लाइमचा डबा असतो, त्यातले पांढरे दाणे जांभळे पडले की बदलायचे, नाहीतर पेशंटनं सोडलेला वायू त्याच्याच छातीत परत. प्रत्येक सिरिंजवर औषधाचं नाव चिकटवायचं, कारण दोन पांढऱ्या औषधांत डोळ्यांना फरक कळत नाही. सिझेरियनची बाई असली तर तिला बसवून, खांदे धरून पाठ वाकवायची, पाठीत सुई जाताना हलू द्यायचं नाही. आणि सुई गेल्यावर बीपी धाडकन पडतं, तेव्हा मॉनिटरवर डोळा त्याचाच.

"एवढं सारं करते, आन् टोचाले बंदी?"

बंदीच. आपल्या देशात भूल देणं डॉक्टरचंच काम. खेड्यापाड्यात भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून सरकारनं तातडीच्या बाळंतपणासाठी १८ आठवड्यांचं शिक्षण काढलं, तेही एमबीबीएस झालेल्यांनाच. टेक्निशियनला नाही. २०२१ मध्ये अलाइड हेल्थचा केंद्राचा कायदा झाला, त्याच्या यादीत ॲनेस्थेशिया असिस्टंट नावानिशी आहे. म्हणजे आता तो कागदावर माणूस झाला, नाहीतर आधी 'तो थिएटरचा पोरगा' एवढीच ओळख. पण यादीत आला म्हणून सुई हातात आली नाही.

वहिनींनी ऐकलं होतं, अमेरिकेत असले लोक भूल देतात. देतात. तिकडं १९६९ मध्ये अटलांटा आणि क्लीव्हलंडच्या दोन विद्यापीठांत भुलीच्या असिस्टंटचा कोर्स निघाला, काढला तो भुलीच्या डॉक्टरांनीच. असिस्टंट नळी घालतो, गॅस चालवतो, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. तिथले भूलतज्ज्ञ या करिअरची भलती तारीफ करतात, त्यात थोडं राजकारणही आहे. त्यांच्याकडं नर्सही शिकून भूल देतात आणि बऱ्याच राज्यांत डॉक्टरशिवायही देतात. डॉक्टरांना ते खुपतं. असिस्टंट मात्र नियमानंच त्यांच्या पंखाखाली. (मी नर्स. मला मनातून बरं वाटलं, पण वहिनींसमोर बोलले नाही.) इंग्लंडात उलटी तऱ्हा. २०२३ च्या ऑक्टोबरात तिथल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या सभासदांनी मत देऊन सांगितलं, असल्या असिस्टंटांची नवी भरती थांबवा. आमच्या तरुण डॉक्टरांना शिकायला जागा नाहीत आणि यांना नोकऱ्या! आपल्याकडचे डॉक्टरही काही वेगळे नाहीत. २०१९ च्या जुलैत मेडिकल कमिशनच्या बिलात डॉक्टर नसलेल्यांना मर्यादित परवाना द्यायचं कलम होतं, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननं देशभर ओपीडी बंद ठेवली होती.

"मनजे डॉक्टर लोकायले भेव वाटते आपल्या पोट्ट्याचं?"

"पोट्ट्याचं नाही हो, त्याच्या हातात सुई येईल त्याचं." आणि सांगते, ते भेव अगदीच फुकाचं नाही. सुई टोचायला दहा सेकंद लागतात. पेशंटचा श्वास थांबला की मग डॉक्टरी सुरू होते. म्हणून मला मॅडमचं पटलं. तिघांत त्यांनाच ठाऊक आहे हा पोरगा नक्की काय करणार ते, म्हणून कौतुक आणि दम एका दमात दिला.

आपल्या जंगलपट्टीत तर हा हात सोन्याचा. हेमलकशाच्या मंदाताई आमटे भूलशास्त्र शिकलेल्या. १९७३ साली नवरा प्रकाशभाऊंबरोबर तिथं गेल्या तेव्हा कुठला टेक्निशियन आणि कुठलं मशीन! आता चंद्रपूरला २०१५ पासून मेडिकल कॉलेज आहे, गडचिरोलीलाही झालं. थिएटरं वाढली, माणसं लागणारच. मला खटकते ती एकच गोष्ट. शिडी नाही. तीन वर्षं शिकून, एक वर्ष इंटर्नशिप करून पोरगा टेक्निशियन होतो, आणि नोकरीच्या विसाव्या वर्षीही तोच टेक्निशियन राहू शकतो. या डिग्रीवरून एमबीबीएसला रस्ता जात नाही. कॉलेजात शिकवायला लागला, नाहीतर मोठ्या हॉस्पिटलात थिएटरचा इन्चार्ज झाला, तर बरं. कॉलेज निवडताना मोठ्या दवाखान्याला जोडलेलं आहे का, आणि रोज केसेस किती होतात, हे आधी पाहायचं. नुसत्या वर्गात शिकलेला पोरगा पहिल्याच इमर्जन्सीला हातपाय गाळून बसतो.

वहिनी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, पन लग्नाच्या टायमाले का सांगाचं? डॉक्टर म्हणता येते का?"

"मुळीच नाही. डॉक्टरांच्या डोक्यात तिडीक जाते ती याचसाठी. थिएटरात ट्रॉली ढकलली की गावात 'डॉक्टरसाहेब', मग घरी सलाईन लावणं सुरू. ते पोराला करू देऊ नका, आणि तुम्हीही म्हणू नका."

"मी कायले म्हणू!" त्यांनी ओसरीकडं पाहिलं. तिथं सासूबाई मोहफुलं निवडत बसलेल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "पन आमच्या बुढीनं कालच आष्टीवाल्यायले फोन करून सांगून टाकलं, का नातू भुलीचा डॉक्टर होऊन रायला. थे लोकं आयतवारी पोरगी घेऊन येऊन रायले."