दोन प्रतींचा माणूस

काकांच्या कुठल्याही अर्जाच्या दोन प्रती असतात. एक साहेबांसाठी, दुसरी पोचेसाठी. हे वाचून ज्यांना आपल्या सोसायटीतला कोणीच आठवला नाही, त्यांची सोसायटी नवी असणार, नाहीतर तो माणूस ते स्वतःच असणार.

पुण्यात कोथरूडच्या बाजूला, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या तीन मजली इमारतीत काका राहतात. उभी हयात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. तिथे चलनाशिवाय त्यांनी एक वॉशरसुद्धा गेटबाहेर सोडला नाही, असं ते अभिमानाने सांगतात. निवृत्त झाल्यावर स्टोअर सुटलं, चलन सुटलं नाही. काकूंनी शेजारी पुरणपोळ्या पाठवल्या, तर काका विचारतात, ‘मिळाल्या म्हणाल्या का त्या?’ पेपर टाकणारा पोरगा गावी जाताना सुट्टीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून खाली सही करतो. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलायला आलेल्या प्लंबरने कागद नाही म्हणून सिमेंटच्या पिशवीच्या तुकड्यावर ‘काम झाले’ असं लिहून दिलं होतं. तो तुकडा पंच करून फाइलला लागला आहे. नातवाने गृहपाठ झाला म्हणून सांगितलं, की बाईंची सही कुठे आहे ते दाखवावं लागतं. आमची लग्नपत्रिकासुद्धा यांनी पोचेनिशी वाटली, असं काकू म्हणतात. काका ते नाकारत नाहीत.

कॉलनीत पाठीमागे त्यांना पोचकाका म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. त्यांची हरकत नावाला नाही, पाठीमागे म्हणण्याला आहे.

काकांचं खरं रूप बघायचं तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक-जावक टेबलासमोर. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत बटणाची प्लास्टिक फाइल, फाइलीत कोरे कागद, टाचण्या आणि दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प. एकदा तिथल्या बाईंनी ‘पॅडची शाई संपलीय, उद्या या’ असं सांगून पाहिलं. काका उद्या आले ते जांभळ्या शाईची बाटली घेऊन. पॅडवर चार थेंब टाकले, बोटाने पसरले, बोट टेबलाखालच्या पुठ्ठ्याला पुसलं आणि म्हणाले, ‘मारा आता.’ तेव्हापासून ती बाटली पिशवीतच असते. शिक्का पुसट उठला तर दुसरा मारून घेतात. तारीख वाचता येते का बघतात, आवक क्रमांक स्वतःच्या वहीत उतरवतात आणि मगच ‘चहा घेणार का’ असं बाईंना विचारतात. बाई घेतात. बारा वर्षांत त्यांचं बरं जमलं आहे.

माहितीचा अधिकार 2005 मध्ये आला, तेव्हा काकांना सरकारने आपल्याला डोळ्यांपुढे ठेवून कायदा केल्यासारखं वाटलं. दहा रुपयांत अर्ज, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. पण 2012 मध्ये महाराष्ट्राने नियम बदलला. एका अर्जात एकच विषय, तोही साधारण दीडशे शब्दांत. काका खचले. गटाराच्या झाकणाबद्दल विचारायचं तर आधी त्या झाकणाचा पूर्वेतिहास नको का सांगायला? कच्चा मसुदा चारशे शब्दांच्या पुढे गेला. रात्री दिव्याखाली पेन्सिलीने एकेक शब्द मोजून ते छाटत बसले. काकू आतून म्हणाल्या, ‘मला चाळीस वर्षांत जमलं नाही, ते या सरकारने करून दाखवलं.’

पुढे दर सोमवारी दुपारी तीन ते पाच सामान्य नागरिकाला कार्यालयातल्या फायली पाहता येऊ लागल्या. ही पद्धत आधी पुण्यात रुजली आणि 2018 मध्ये राज्य सरकारने ती महाराष्ट्रभर लागू केली. दुपारी तीनला जागा असलेला पुणेकर मिळणं किती कठीण, हे पुण्याबाहेरच्यांनाही ठाऊक आहे. काका सोमवारी जेवल्यावर आडवे होईनासे झाले. यावरून त्यांची तळमळ मोजावी.

मग महापालिकेचं तक्रारीचं ॲप आलं. रस्त्यावरचा खड्डा, फोटो काढा, पाठवा. काकांनी नातवाकडून पाठवला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला की तक्रारीचं निराकरण झालं आहे. काका खाली उतरले. खड्डा जागेवर होता, उलट पावसाने जरा खोलच झाला होता. काकांनी त्या मेसेजची प्रिंट काढली, शेजारी खड्ड्याचा त्याच दिवशीचा फोटो चिकटवला, क्षेत्रीय कार्यालयात नेली आणि निराकरण झाल्याच्या मेसेजवरच आवक शिक्का मारून घेतला. असा कागद कुठल्या फाइलला लावावा, हे अजून त्या कार्यालयाला ठरवता आलेलं नाही.

सगळ्यांनाच त्यांची ही हौस झेपते असं नाही. कचरा घ्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंनी एकदा त्यांच्याच डब्यात ओल्या कचऱ्यात दुधाची पिशवी पकडली. ‘काका, सुका वेगळा म्हणून किती वेळा सांगायचं? आता लेखी देऊ का?’ जिन्यात उभी असलेली सगळी सोसायटी हसली. काका आत गेले, पिशवी धुऊन वाळत घातली आणि त्या महिन्याचे पैसे देताना पावती मागितली नाही. एवढी मोठी माघार त्यांनी दुसऱ्या कोणापुढे घेतल्याचं ऐकिवात नाही.

काकांचा आणि प्रभागातल्या एका नगरसेवकाचा संघर्ष बाकावरून पेटला. पुणे महापालिकेत 2006 च्या सुमारास एक चांगली प्रथा सुरू झाली. अंदाजपत्रकाआधी नागरिकांनी आपल्या भागातली पाच लाखांपर्यंतची छोटी कामं सुचवायची. काकांनी फॉर्म भरला की कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली बाक हवा. पोच घेतली. पुढच्या वर्षी पुन्हा भरला, पुन्हा पोच. अखेर एका सकाळी बाक आला. सिमेंटचा, चांगला ऐसपैस, आणि त्याच्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत, ‘माननीय नगरसेवक यांच्या संकल्पनेतून साकार’, पुढे नाव.

काका पोचेची झेरॉक्स घेऊन थेट माननीयांच्या संपर्क कार्यालयात.

‘संकल्पना माझी आहे. हा आवक क्रमांक.’

‘काका, संकल्पना तुमची, पण निधी माझा.’

‘निधी तुमचा? मिळकतकर मी भरतो. त्याचीही पावती आहे.’

बाकावरचं नाव गेलं नाही. काकांनी मात्र त्या बाकावर बसताना नेमकी नावावर पाठ टेकायची सवय लावून घेतली. आज त्यातली दोन अक्षरं बरीच झिजली आहेत.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली. निवडणूक पुढे गेली, आणखी पुढे गेली. प्रभाग किती सदस्यांचा, आरक्षण किती, सगळं कोर्टात. शहराचा कारभार प्रशासकाकडे. आधीच्याच वर्षी तेवीस गावं हद्दीत घेऊन शहर भलतंच वाढलेलं, आणि लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस सभागृहात नाही. वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. भांडायला कोणी नाही म्हटल्यावर काका वाळले. एका संध्याकाळी भाजी घेऊन चाललेले माननीय त्यांना पिंपळाखाली दिसले. काकांनी पिशवीतून अर्ज काढला.

‘काका, मी आता माजी आहे.’

‘मग माजी म्हणून पोच द्या.’

माननीयांनी मेथीची जुडी काकांच्या हातात दिली, अर्ज गुडघ्यावर धरला आणि सही केली. खाली कंसात ‘माजी’ असं लिहिलं. मग दोघंही तिथेच बसले. एकाच्या नावावर दुसऱ्याची पाठ. धरणांत किती टीएमसी पाणी आलं, यावर अंधार पडेपर्यंत बोलणं चाललं. पुढे असं वरचेवर घडू लागलं. काकूंनी विचारलं तर काका म्हणत, ‘पाठपुरावा चालू आहे.’

अखेर 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. चार सदस्यांचा प्रभाग, म्हणून चार मतं. काका सकाळी पहिल्या रांगेत. चारही बटणं दाबली आणि काका जागचे हलेनात. केंद्रावरचे अधिकारी म्हणाले, झालं काका, चला. काका म्हणाले, ‘लोकसभेला, विधानसभेला काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते. इथे पोच कुठाय?’ महापालिकेच्या यंत्राला चिठ्ठीची सोयच नव्हती. मागची रांग ओरडायला लागली. ‘बोटाला शाई लावलीय ना, तीच पोच समजा,’ असं कोणीतरी म्हणालं. काकांनी बोट उजेडात धरून पाहिलं. शाईचा रंग त्यांना ओळखीचा होता. ते मुकाट बाहेर आले.

आता प्रभागाला पुन्हा एक सोडून चार माननीय आहेत, अ, ब, क आणि ड. अर्ज ‘अ’कडे नेला तर ते काम ‘क’ बघतात. ‘क’ म्हणतात, तो रस्ता ‘ब’ने हातात घेतलाय. काका आता प्रत्येक अर्जाच्या पाच प्रती काढतात. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं लोकशाहीबद्दलचं मत अलीकडे फार चांगलं झालं आहे.

हसून झालं की 2023 सालही आठवावं लागतं. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकराच्या आकारणीत 40 टक्के सवलत 1970 पासून चालत आली होती. मधे तिच्यावर आक्षेप निघाले, अनेकांच्या बिलांतून ती गळली आणि 2023 मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा मान्य केली. ज्यांची गेली होती त्यांनी पीटी-3 नावाचा अर्ज पुराव्यासकट द्यायचा होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस नुसता धुरळा उडाला. लूट आहे, मोर्चा काढा, वरपर्यंत जाऊ, वगैरे. चौथ्या दिवशी काका पिशवी घेऊन घरोघर फिरले. तळमजल्यावरच्या आजींचं मतदार ओळखपत्र सापडेना, तर गॅसचं कार्ड शोधून काढलं. मुलगा परदेशात असलेल्या वरच्या जोडप्याचा अर्ज स्वतः लिहिला. सगळ्यांचे अर्ज दोन-दोन प्रतींत भरले, रांगेत उभे राहिले आणि प्रत्येकाच्या हातात शिक्क्याची प्रत आणून ठेवली. अजून बऱ्याच घरांत ती टीव्हीखालच्या खणात आहे. ज्यांनी पोचकाका हे नाव पाडलं, त्यांच्याही.

काकांच्या कपाटातली सर्वांत जुनी फाइल पाण्याच्या कमी दाबाची आहे. अर्जाखाली सोसायटीतल्या घराघरांतली सही आहे. काही शाईची, काही बॉलपेनची, एक अंगठा. त्यातल्या कित्येक नावांमागे काकांनी पेन्सिलीने बारीक ‘कै.’ लिहिलं आहे. गावाबाहेर राहायला गेलेल्यांपुढे नवं गाव. कोरी राहिलेली नावं फार थोडी, त्यांत काका आणि काकू. इमारत आता पुनर्विकासाला निघाली आहे. करारनाम्याचं प्रत्येक पान काकांनी वाचलं आहे आणि बिल्डरला प्रत्येक पानावर सही करायला लावली आहे.

अलीकडे त्यांच्या अर्जाखाली सह्या मिळत नाहीत. ग्रुपवर अंगठे भरपूर येतात. प्रत्यक्ष कागद पुढे केला की ‘काका, माझं नाव नको हां, मुलाचं पासपोर्टचं काम आहे,’ किंवा ‘आम्ही भाडेकरू, आमचं काय,’ असं म्हणत दार हळूच लोटलं जातं. काका तरीही दुसऱ्या घराची बेल वाजवतात.

तुमच्या जिन्यातही असा कोणी असणारच. पुढच्या वेळी तो कागद घेऊन आला, की चष्मा सापडत नाही म्हणू नका. वाचा आणि सही करा. दोन्ही प्रतींवर.