वाढत्या अंगाचा मदरबोर्ड

शॉमबर्ग, इलिनॉय
१८ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,


पत्रास कारण की, नवा कॉम्प्युटर सुरू झाला. व्हिडिओ कॉलवर सांगायला घेतलं की बाबा मध्येच ‘मग जुना फेकलात की काय?’ असं विचारतात, आई मागून ‘जेवलात का?’ विचारते, आणि मूळ गोष्ट राहून जाते. म्हणून हे सविस्तर पत्र. बाबा, यात तुमच्यावर एक आरोप आहे. चहा घेऊन वाचायला बसा.

जुना कॉम्प्युटर तुम्ही पाहिलेला आहे. दीड वर्षापूर्वी उन्हाळ्यात आला होतात, तेव्हा त्याच्या पंख्यातली धूळ तुम्हीच टूथब्रशने काढलीत. (तो ब्रश जावयांचा होता. त्यांना अजून माहीत नाही.) २०१६चा तो, चालत होता बिचारा. पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली आणि विंडोज ११ म्हणतं, प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा पाहिजे. आमचा सहाव्या पिढीचा. मी म्हटलं, तेवढा बदलू. सॉकेटचं नाव बघितलं: ११५१. आठव्या पिढीच्या सॉकेटचं नावही ११५१! आनंद अर्धा तास टिकला. नाव तेच, आकार तोच, प्रोसेसर त्यात बसतो, पण चालत नाही. त्याला पुढचा मदरबोर्ड लागतो. म्हणजे आडनाव एक म्हणून स्थळ पाहायला जावं आणि दोन्ही घरांचं बोलणंच नसावं.

तेव्हा मला माझ्या शाळेचा स्कर्ट आठवला. पाचवीत घेतलेला तो स्कर्ट तुम्ही ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून शिवून घेतला होता, खाली चार बोटं दुमड. दरवर्षी जूनमध्ये आई एक दुमड उसवायची आणि न विटलेल्या कापडाची गडद पट्टी बाहेर यायची. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तशा त्या पट्ट्या मोजून बाई माझी इयत्ता ओळखायच्या. तेव्हा लाज वाटायची. आता मदरबोर्ड घेताना मात्र मी पहिला प्रश्न हाच विचारला, की याला दुमड किती आहे?

एएमडीचं एएम५ नावाचं सॉकेट २०२२ साली आलं आणि २०२७पर्यंत तरी त्यात बसणारे प्रोसेसर काढत राहू, असं कंपनीने सांगितलंय. त्याआधीच्या एएम४ची दुमड तर पाहण्यासारखी निघाली. २०१७ साली घेतलेल्या कित्येक बोर्डांवर, आतलं बायोस तेवढं ताजं केलं की २०२२चा प्रोसेसर चालतो. ठरलं, एएम५. जावयांना सगळ्यात महागडा हवा होता, ज्याच्या कडेने सात रंगांचे दिवे फिरतात. मी म्हटलं, गणपती भाद्रपदात, मखराचं तेव्हा बघू. बी६५० चिपसेटचा, मायक्रो-एटीएक्स म्हणजे सुमारे साडेचोवीस सेंटीमीटरचा चौकोन, पोळपाटापेक्षा जेमतेम लहान, वाय-फाय बोर्डावरच, मेमरीला चार स्लॉट. चार स्लॉट बघून तर मला भरूनच आलं. आता दोन पट्ट्या लावू, उरलेले दोन पुढच्यासाठी. दुमडच ती!

इथे मी फसले. डीडीआर५ मेमरीच्या चार पट्ट्या लावल्या, तर प्रोसेसरला त्या सांभाळताना दम लागतो आणि सगळ्यांचाच वेग खाली आणावा लागतो. दोनच लावाव्यात, त्याही पहिल्याच वेळी हव्या तेवढ्या मोठ्या घेऊन. ते उरलेले दोन स्लॉट म्हणजे आपल्या दिवाणखान्यातला काचेचा कपसेट. आहे, पण वापरायचा नाही.

बरं, जुनी मेमरी काढून नव्यात घाला, असं तुम्ही सुचवलं होतं. करून पाहिलं नाही, पण शेजारी ठेवून पाहिली. डीडीआर४ला २८८ पाय, डीडीआर५लाही २८८च. पण मधली खाच दोन बोटंसुद्धा नाही, चिमूटभर बाजूला सरकवलेली. कोणी चुकून घुसवू नये म्हणूनच ती तिथे केलीय. आपल्या लोकांना ओळखून आहेत.

आता आरोप. ऑगस्टमध्ये मी सांगितलं होतं की बत्तीस जीबीची जोडी शंभर डॉलरच्या आसपास मिळतेय, घेऊन टाकते. तुम्ही म्हणालात, ‘घाई करू नकोस. इलेक्ट्रॉनिक वस्तू दिवसेंदिवस स्वस्तच होतात. थँक्सगिव्हिंगला सेल असतो ना तुमच्याकडे?’ विंडोज १०लाही वर्षभराची मुदतवाढ मिळत होती. थांबले. थँक्सगिव्हिंगला टर्की स्वस्त झाली, टीव्ही स्वस्त झाले, मेमरी दुप्पट झाली. मग म्हटलं नाताळपर्यंत उतरेल. नाताळात तीच जोडी साडेतीनशेच्या पुढे. रुपयांत गुणाकार करू नका, बीपीची गोळी घ्यावी लागेल.

झालं असं की, जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्याच कारखान्यांतून निघते. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी खास मेमरी आणि आपली घरगुती मेमरी एकाच प्रकारच्या सिलिकॉनच्या चकत्यांवर बनते. डेटा सेंटरवाले पैसे जास्त देतात, चकत्या तिकडे गेल्या. डिसेंबरात तर मायक्रॉनने जाहीर केलं की ‘क्रूशल’ या नावाने किरकोळ गिऱ्हाइकांना मेमरी विकणं बंद करणार. थोडक्यात, मोठा व्यापारी आला आणि आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची जमिनीतली सगळी पेवं एका दमात उपसून घेऊन गेला. तुमच्या-माझ्यासाठी बाजारात राहिली ती झाडलेली हळद.

आणि बाबा, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ‘थांब, घाई नको’ हे शहाणपण सांगलीचं आहे, पण ते विकणाऱ्याचं आहे! हळद पेवात घालून वर माती लिंपून, भाव येईपर्यंत गप्प बसायचं, ही आपल्याकडची रीत. २००५च्या पुरात बरीचशी पेवं गेली, सवय मात्र राहिली. तुम्ही जन्मभर सांगलीच्या पेठेत फिरून ते ऐकलंत आणि मला, जी आयुष्यात फक्त घेणारीण आहे, तिला दिलंत. माझे अडीचशे डॉलर त्या फरकात गेले. आरोप संपला. रागावू नका, आईला वाचून दाखवू नका.

गेल्या शनिवारी वेस्टमाँटच्या मायक्रो सेंटरला गेलो. इथून २९० धरायचा, मग ३५५चा टोल रस्ता, उतरलं की ऑग्डेन अ‍ॅव्हेन्यू. गाडीत चिरंजीव मागच्या सीटवरून आकडे ओरडत होते, ‘सहा हजार, सीएल तीस!’ हे काय ते तुमच्या ऑफिसच्या भाषेत सांगते. फाइल मागितल्यापासून शिपाई ती आणून टेबलावर ठेवेपर्यंतचा वेळ म्हणजे तो सीएल. नुसता आकडा बघून भागत नाही. त्याला दोन हजाराने गुणायचं आणि मेमरीच्या वेगाच्या आकड्याने भागायचं. सहा हजाराला तीस, म्हणजे दहा नॅनोसेकंद. आमच्या जुन्या मेमरीचं गणित केलं: बत्तीसशेला सोळा. तेही दहाच! म्हणजे एवढ्या वर्षांत शिपाई काही चपळ झालेला नाही, फक्त एका खेपेला जास्त फायली आणायला लागलाय. हे मी दुकानातल्या मुलाला सांगितलं, तो हसला आणि म्हणाला की छत्तीसवाली घेतली तर थोडी स्वस्त पडेल. तीत बारा नॅनोसेकंद. दोन नॅनोसेकंदांसाठी वीस डॉलर घालवायचे का, यावर आम्ही तिघांनी रांगेत उभं राहून पंधरा मिनिटं घालवली. शेवटी तीसवाली घेतली. घरी येऊन मी पोळ्यांऐवजी खिचडी टाकली, तेवढीच भरपाई.

जोडणी रविवारी. बाहेर पारा शून्याखाली, घरात हीटर, हवा पापडासारखी कोरडी. गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावला की चट्! आपल्याला तो चटका जाणवतो तेव्हा अंगावर तीनेक हजार व्होल्ट साचलेले असतात. चिप जायला त्याहून फार कमी पुरतात, कळतसुद्धा नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या फरशीवर अनवाणी, सुती कुडता घालून उभी राहिले. दर वेळी काहीही उचलण्याआधी पॉवर सप्लायच्या लोखंडी खोक्याला हात लावायचा, देवळात शिरताना घंटेला लावतो तसा. जावई ते लोकरीसारखं दिसणारं प्लास्टिकचं जॅकेट घालून आले, त्यांना टेबलापासून चार फूट लांब खुर्ची दिली आणि पुस्तिका वाचायचं काम दिलं. त्यांनी ते खड्या आवाजात केलं, सुरक्षिततेची पानं धरून.

पुस्तिकेत कामाचं एकच पान होतं: दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. माझ्या हाताने पहिला आणि दुसरा धरला असता. रांगेत पुढे जागा असताना मागे कोण बसतं? पट्टी बसवताना इतका जोर लागतो की बोर्ड वाकतोय असं वाटतं. मग कट् असा आवाज होतो, आणि तो बोर्डाचा की नशिबाचा हे कळायला वेळ लागतो.

एवढं सगळं नीट झालं आणि शेवटी एसएसडीचा स्क्रू पडला. ही एसएसडी म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीसारखी, तिला एकुलता एक स्क्रू, साबुदाण्याएवढा. टेबलावरून उडी मारून तो थेट जमिनीतल्या हीटरच्या जाळीत गेला. रविवारची रात्र, दुकानं बंद. तेवढ्यात चिरंजीव तळघरातून तुमचा बोर्नव्हिटाचा डबा घेऊन आले. आठवतं? बंद पडलेला लॅपटॉप आम्ही टाकायला निघालो होतो, तुम्ही तो दोन दुपारी खोलून बसला होतात. डब्यात कागदाच्या पुड्या, एकीवर तुमच्या अक्षरात ‘बारीक स्क्रू – जपून’. पहिलाच बसला. जावई तुम्हाला तेव्हा काय म्हणाले होते ते त्यांनी स्वतःहून मागे घेतलं. अडीचशे डॉलरमधून एक स्क्रू वजा करते.

मग बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. बोर्डावर मेमरीचा बारीक पिवळा दिवा. एक मिनिट, दोन मिनिटं. ‘गेलं!’ म्हणून जावयांनी बंद केलं. पुन्हा चालू, पुन्हा काळं, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी मी त्यांचा हात धरला. नवी मेमरी पहिल्यांदा लावली की बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो, कोणत्या तारेवर किती वेळाने काय पोचतं ते तपासतो, आणि त्याला काही मिनिटं लागतात. मध्येच बंद केलं की पहिल्यापासून. कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण उघडून भात शिजला का बघणारा माणूस आहे हा! चौघं जण स्वयंपाकघरात उभे राहून त्या दिव्याकडे बघत राहिलो. धाकटीने हळूच संक्रांतीसाठी केलेला तिळगूळ बोर्डासमोर ठेवला, गोड बोलावं म्हणून. दिवा विझला, पडदा उजळला. श्रेय तिने घेतलं.

आत जाऊन बघते तर वेग ४८००. खोक्यावर सहा हजार! पाटीवर ‘जलद’ आणि प्रत्येक फाट्याला थांबणारी एसटी. बायोसमध्ये एक्स्पो नावाचा पर्याय आपण स्वतः चालू केल्याशिवाय तो छापील वेग मिळत नाही. चालू केला, पुन्हा तो दिवा, पुन्हा थांबणं, मग सहा हजार. काल मंडळाच्या गणेशोत्सवातल्या एकांकिकेचं चित्रीकरण त्यावर जोडलं. जुन्यावर रात्रभर लागायचं, आता चहा होईपर्यंत झालं. नायकाचे विसरलेले संवाद मात्र अजून तसेच आहेत. त्याला मेमरी लावता येत नाही.

आईच्या गुडघ्याचं कळवा. लोणच्याची बरणी फुटली नाही, तेल मात्र बॅगेतल्या मोज्यांनी प्यायलं.

तुमची,
लेक

ता. क. जावई विचारतायत, धाकटीसाठी थोडं सोनं आत्ता घ्यावं की भाव उतरेपर्यंत थांबावं? तुमचं मत लवकर कळवा. तुम्ही सांगाल त्याच्या उलट करायचं ठरलंय.